साडेतीन तोळ्यांचा पेशंट

नाशिकच्या सराफ बाजारात साडेतीन तोळ्यांचा दागिना काट्यावर चढला की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचेही डोळे आकड्यावर खिळतात. गुंजभर इकडचं तिकडे झालं तरी बोलाचाली होते. ड्वार्फ जातीच्या हॅमस्टरचं वजन साधारण तेवढंच, ३५ ग्रॅमच्या आसपास. रोबोरोव्स्की नावाचा सगळ्यांत लहान प्रकार दोन-अडीच तोळ्यांचा, तर सोनेरी म्हणजे सिरियन हॅमस्टर बारा ते पंधरा तोळ्यांपर्यंत भरतो. पण हा जीव आजारी पडला की आपण सोन्याचा काटा विसरतो आणि अंदाजपंचे कारभार सुरू होतो. थोडं औषध, चिमूटभर खाणं, ‘जरा बारीक वाटतोय’.

त्या ‘जरा’चा हिशोब करून बघा. ३५ ग्रॅमचा हॅमस्टर साडेतीन ग्रॅमने उतरला म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेले. डोळ्यांना ते दिसत नाही. आजारी हॅमस्टर केस फुगवून बसतो, त्यामुळे उलट गुबगुबीतच वाटतो. शिवाय हा निशाचर प्राणी. आपण जागे असतो तेव्हा तो झोपलेला आणि त्याची धावपळ सुरू होते तेव्हा आपले दिवे मालवलेले. रानात ज्याला सगळे खायला टपलेले असतात, तो प्राणी आपलं दुखणं लपवतोच.

आमच्या घरी शेंगदाणा नावाचा ड्वार्फ होता. त्याची पाण्याची बाटली रोज रिकामी दिसायची. कितीतरी दिवस आम्ही बाटली गळते असं धरून चाललो होतो, एकदा बदलूनही झाली. गळत काहीच नव्हतं. त्याला मधुमेह होता. तेव्हापासून मी हॅमस्टर पाळणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट सांगतो ती औषधाची नाही, काट्याची. खिशात मावणारा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सिरियन असेल तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटाही चालेल. वाटी काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा, वाटीत हॅमस्टर ठेवा. रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी तो उठल्यावर, खाणं घालण्याआधी. वजन करण्यापूर्वी गाल बघून घ्या. गालांच्या पिशव्यांत दाणे कोंबलेले असतील तर आकडा फसवतो.

दुसरं मोजायचं ते पाणी. निरोगी हॅमस्टर दिवसाला १०० ग्रॅम वजनामागे साधारण १० मिली पाणी पितो. म्हणजे ३५ ग्रॅमच्या ड्वार्फला तीन-साडेतीन मिली पुरतं, लहान चमचाभरसुद्धा नाही. बाटलीवर पेनने रेघ मारा आणि चोवीस तासांनी पुन्हा बघा. याच्या दुप्पट-तिप्पट पाणी जात असेल, एक कोपरा सतत ओला राहत असेल आणि लघवीला गोडसर वास येत असेल, तर ती बाटलीची चूक नव्हे. आणि एक विनंती, पिंजरा ओला होतो म्हणून पाणी कमी करू नका. मधुमेही हॅमस्टरचं पाणी तोडणं म्हणजे त्याला मारणंच.

ड्वार्फमध्ये, विशेषतः कॅम्पबेल जातीत आणि तिच्या संकरातून झालेल्या पिल्लांत मधुमेहाची प्रवृत्ती असते. दुकानात मिळणारे ड्वार्फ बहुतेकदा कोणत्या जातीचे, कशात मिसळलेले ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे ड्वार्फ असेल तर मधुमेहाची शंका मनात धरूनच पाळावा. सिरियनचं दुखणं वेगळं. त्याचं आयुष्यच दोन ते तीन वर्षांचं. दीड वर्ष उलटलं की म्हातारपण लागतं, मग हृदय थकतं किंवा मूत्रपिंडांत एक प्रकारचं प्रथिन साठून ती निकामी होत जातात. हा दुसरा आजार माद्यांमध्ये जास्त दिसतो. या दोन्ही आजारांत पोटात पाणी साठतं आणि वजन वाढतं! वजन वाढलं म्हणून घरचे खूश, आणि आत मात्र पाठीचा कणा हाताला लागतोय, पोट तेवढं ताणलेलं. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, रोज एकदा बोटाने कणा आणि पोट चाचपा.

तिसरं मोजायचं ते श्वास, तोही तो झोपलेला असताना. हात न लावता, लांबून. मिनिटाला किती हा आकडा हॅमस्टरगणिक बराच बदलतो. त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या हॅमस्टरचा नेहमीचा आकडा कामाचा. तो वाढला, कुशी जोरात हलायला लागल्या, नाक-पाय निळसर दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही.

काही गोष्टी आजार नसतात हेही सांगायला हवं. सिरियनच्या दोन्ही कुशींवर काळसर डाग असतात, त्या वासाच्या ग्रंथी आहेत, गाठी नव्हेत. मादीला दर चार दिवसांनी पांढरट घट्ट स्राव होतो, तो पू नसतो. तो रोज व्हायला लागला, रक्ताळ दिसला किंवा पोट फुगलं, तर मात्र डॉक्टर.

आता डॉक्टरांचं. नाशिकसारख्या शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत आणि गाई-म्हशींचा अनुभव असलेले डॉक्टर तर आपल्या जिल्ह्यात गावोगाव. हॅमस्टर नेहमी बघणारे मात्र मोजके. यात गंमत अशी की विज्ञानाला हा प्राणी अजिबात अनोळखी नाही. १९३० साली इस्राएल अहरोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात खोल बीळ खणवून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. आज घरोघरी असलेल्या सोनेरी हॅमस्टरांचं मूळ मुख्यतः त्या एका कुटुंबात जातं. ते जेरुसलेमला गेले ते कुणाच्या लाडासाठी नव्हे, प्रयोगशाळेसाठी. इतकं लांब कशाला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिनची प्राण्यांवरची चाचणी झाली तेव्हा त्यात सिरियन हॅमस्टर होते. आपल्यापैकी कित्येकांच्या दंडात गेलेल्या लशीवर या प्राण्याचं ऋण आहे. आणि तरी तो स्वतः पेशंट म्हणून दारात आला की ‘उंदरावर कसले उपचार’ हे ऐकावं लागतं.

म्हणून आधी फोन करा. ‘हॅमस्टर बघता का’ एवढंच विचारू नका. ‘गेल्या वर्षभरात बघितलाय का’ असं विचारा. ‘नाही, पण बघतो, मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून घेतो’ असं प्रामाणिकपणे सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. जुनाट दुखण्यात दर आठवड्याला भेटू शकणारा जवळचा माणूस लांबच्या तज्ज्ञापेक्षा उपयोगी पडतो. अवघड तपासणीसाठी मुंबई गाठायचीच झाली, तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आणि तिथलंच १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय ही जुनी, माहितीची ठिकाणं. पण तिथेही हा प्राणी बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते फोनवर ठरवूनच निघा. कसारा घाट उतरून जायचा प्रवास थकलेल्या हॅमस्टरला सोपा नाही. हृदयाचा पेशंट असेल तर निघावं का, हेही डॉक्टरांनाच विचारा. न्यायचं तर पहाटे, त्याच्याच पिंजऱ्यातला वापरलेला कागदाचा चुरा डब्यात घालून, आणि पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीची फोड ठेवून. बाटली गाडीत गळते आणि तो भिजतो.

सोबत रोजचं वजन लिहिलेली वही न्या. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला हॅमस्टर आपलं काहीच दाखवत नाही. वही दाखवते.

दवाखान्यात एक गोष्ट न लाजता विचारायची. प्रतिजैविक देत असाल तर कोणतं? पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, घातक जंतू माजतात आणि जुलाब होऊन काही दिवसांत प्राणी जातो. यातलं अमॉक्सिसिलिन लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यानंतर अर्धी बाटली उरलेलं कितीतरी घरांत असतं. ‘मुलांना चालतं, याला दोन थेंब देऊ’ हा विचार कितीही प्रेमाचा असला तरी तसं करू नका. तापाचं, अंगदुखीचं आपलं औषधही नाही.

दोन थेंब म्हणजे किती, हेही बघा. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिली असतो. डॉक्टरांनी ०.०३ मिली लिहिलं असेल तर एका थेंबातच दीडपटीहून जास्त औषध गेलं. साठ किलोचा माणूस या पेशंटच्या सुमारे १७०० पट असतो, तेव्हा त्याच्याकडची ‘थोडीशी चूक’ इथे थोडीशी राहत नाही. मेडिकलमधून १ मिलीची बारीक सिरिंज घ्या, जिच्यावर ०.०१ मिलीच्या रेघा असतात, आणि सुई काढून फेका. इन्सुलिनची सिरिंज घेतलीत तर घोटाळा होऊ शकतो. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १ मिलीचे ४० भाग असतात, केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये १००. आकडा तोच, औषध अडीचपट. डॉक्टरांकडून मात्रा मिलीमध्ये लिहून घ्या आणि पहिल्यांदा त्यांनाच भरायला सांगून त्या रेघेवर मार्करची खूण करून घ्या.

औषध खाण्यात लपवायचा मोह होतो. हॅमस्टर हा साठेबाज प्राणी. गोळीचा तुकडा गालात ठेवून तो कोपऱ्यातल्या कोठारात नेऊन टाकेल आणि तुम्ही औषध गेलं म्हणून निर्धास्त. पिण्याच्या पाण्यात घातलं तर किती गेलं कळत नाही, चव बदलली तर पाणीच सोडतो. सर्वांत बरं म्हणजे त्याला मुठीत सैल धरून सिरिंजचं टोक ओठाच्या कडेला लावायचं आणि चाटू द्यायचं. पिचकारी घशात मारायची नाही, श्वासनलिकेत जाते. पहिले दोन दिवस तो चावेल. तिसऱ्या दिवसापासून औषधानंतर भोपळ्याची एक बी मिळते हे त्याच्या लक्षात येतं.

मधुमेही हॅमस्टरला सहसा इन्सुलिन देत नाहीत. एवढ्याशा देहात मात्रा किंचित चुकली तरी साखर एकदम खाली जाते. बहुतेक भार आहारावरच असतो. आणि इथे नाशिककरांची पंचाईत आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव ज्या दोन पिकांवर चालतं, त्यांतलं एकही या पेशंटला चालत नाही. जानेवारी ते एप्रिल घरात द्राक्षांची पेटी असतेच, आणि पिंजऱ्याच्या गजातून एक मणी आत सरकवायला लहान-मोठं कुणीही मागेपुढे बघत नाही. ३५ ग्रॅमच्या प्राण्याला पाच ग्रॅमचं द्राक्ष! आपल्या मापात ते आठ-नऊ किलो होतात. बेदाणे तर साखरेची पुडीच. कांदा मधुमेही असो वा निरोगी, कोणत्याच हॅमस्टरला द्यायचा नाही, लसणाचंही तेच.

मक्याचे दाणे, रंगीत बिस्किटं, मधात घोळलेल्या कांड्या, केळं, चिकू, आंबा, गाजर, बीट हे सगळं बंद. दुकानातल्या तयार मिश्रणातून मका आणि वाळवलेली फळं निवडून काढा, सूर्यफुलाच्या बिया एक-दोनच ठेवा. द्यायचं ते असं: काकडी, मेथीची आणि कोथिंबिरीची पानं, फ्लॉवरचा तुरा, ओट्स, जवस, भोपळ्याच्या बिया, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, बिनमिठाच्या पनीरचा कण. प्रत्येक गोष्ट नखाएवढी. मेथीदाण्याचं पाळणाऱ्यांमध्ये फार कौतुक आहे. भिजवलेले किंवा मोड आलेले दोन दाणे रोज दिले तर माझी हरकत नाही, शेंगदाण्यालाही देत होतो. पण ते औषध आहे असं समजून पट्टी बघणं सोडू नका.

पट्टी म्हणजे लघवीतली साखर आणि कीटोन दाखवणारी, माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळते तीच. संध्याकाळी उठल्यावर त्याला कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, पाच-दहा मिनिटांत काम होतं, त्यात पट्टीचं टोक बुडवा. निरोगी हॅमस्टरच्या लघवीत साखर नसते. आठवड्यातून दोनदा बघून वहीत लिहा. कीटोनचा रंग चढला तर त्याच दिवशी दवाखाना.

नाशिकची हवा चांगली म्हणतात. माणसांसाठी असेल. अलेप्पोच्या शेतातला हॅमस्टर जमिनीखाली खोल राहतो, जिथे उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. त्याला सोसतं ते १८ ते २५ अंश. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि जानेवारीत निफाडच्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. एकाच घरात त्याला दोन्ही टोकं भोगावी लागतात. पिंजऱ्याला लागून एक साधा थर्मामीटर लावा, तुमच्या अंगाला काय वाटतं ते धरू नका.

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची खोली वर्ज्य. कुंभारवाड्यातून लहान मडकं आणून आडवं ठेवा, माती गार राहते आणि त्याला बीळ मिळतं. बर्फाची बाटली पंच्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर एका बाजूला टेकवा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे नको झालं तर त्याला सरकता येईल. कूलरचा ओला झोत थेट नको, दमेकऱ्यासारखी अवस्था होते. तो चारी पाय पसरून पालथा पडलेला, तोंडाशी लाळ, अंग थरथरतंय असं दिसलं तर उष्माघात समजा. गार खोलीत हलवा, ओलसर फडक्यावर ठेवा, शुद्धीवर असेल तर ओठाला पाण्याचा थेंब लावा आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

हिवाळ्यातली चूक याहून वाईट. पारा दहाच्या खाली गेला आणि खाणं कमी पडलं की हॅमस्टर गार पडून निपचित होतो, श्वास मिनिटा-दोन मिनिटांनी एखादा. मेला समजून लोक पुरतात. म्हणून आधी बघा: अंग लाकडासारखं ताठ आहे की लुळं? मिशा हलतात का? लुळं असेल तर हातात धरून सावकाश ऊब द्या, दोन-तीन तासही लागू शकतात. हिटरजवळ ठेवू नका. जुनाट आजार असलेला हॅमस्टर मात्र मुळात त्या थरापर्यंत जाताच कामा नये. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून अर्ध्या पिंजऱ्याखाली ठेवा आणि मधुमेही असेल तर रात्रीचं खाणं चुकवू नका, त्याच्यात साखर उतरल्यानेही असंच निपचित पडणं होतं.

पिंजऱ्यात फार बदल लागत नाहीत, पण जे लागतात ते लागतात. मजले आणि शिड्या काढा. पाणी आणि खाणं झोपायच्या जागेपासून चार पावलांवर आणा, त्याची चार पावलं. रंध्याचा वासाचा भुसा नको, पांढरा बिनसुगंधी कागद फाडून घाला. ‘ऊब राहते’ म्हणून दुकानदार देतो तो कापूस कधीच नको, पाय अडकतात आणि पोटात गेला तर अडतो. मधुमेहात मोतीबिंदू होऊन नजर जाते. नजर गेलेला हॅमस्टर वासावर घर ओळखतो, म्हणून सगळा पिंजरा एकदम धुऊ नका आणि वस्तूंच्या जागा बदलू नका. ओला कोपरा तेवढा रोज काढा. श्वासाचा पेशंट असेल तर त्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजरा हलवा, देव समजून घेईल.

हाताळण्याआधी आणि नंतर हात धुवा. घरात कुणी गर्भवती असेल तर पिंजऱ्याची सफाई तिने करू नये, या प्राण्यांकडून येणारा एक विषाणू गर्भाला धोक्याचा ठरू शकतो.

आता अवघड भाग. यातला बहुतेक कोणताच आजार बरा होत नाही. आपण मिळवतो ते चांगले दिवस. दोन वर्षांच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे थोडे नव्हेत, पण ते चांगले हवेत. आम्ही कालनिर्णयावर खूण करत होतो. शेंगदाणा संध्याकाळी स्वतः उठला, खाल्लं, थोडं फिरला, तर तारखेवर टिंब. नाही तर फुली. घरातली शाळकरी मुलं ही नोंद आनंदाने ठेवतात आणि मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असतात. सलग फुल्या पडायला लागल्या, मान वर करून तो पाणीही पिईना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आणि आम्हाला उत्तर शोधावं लागलं नाही. कॅलेंडरवर होतं. शांतपणे मरण देणं हे डॉक्टरांचं काम आहे, आधी भूल देऊन मग इंजेक्शन. घरगुती उपाय कुणी कितीही खात्रीने सांगितले तरी करू नका. मुलांना ‘पळून गेला’ असं सांगू नका, ती महिनाभर कपाटाखाली शोधत राहतात.

पुरायचं तर हातभर खोल, वर दगड, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. उरलेली औषधं दुसऱ्या प्राण्यासाठी ठेवू नका. पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा आणि काही आठवडे रिकामा राहू द्या. नंतर कधी पुन्हा हॅमस्टर आणायचा ठरलाच, तर पिंजऱ्याच्या आधी काटा घ्या आणि दुकानातून आणल्याच्या पहिल्या संध्याकाळचं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहा.